परतीचं पान

पाक ब्रोतोंचा फोन आला तेव्हा मी वाचनालयात परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. कामाच्या वेळी मी फोन घेत नाही हे त्यांना माहीत होतं. तरी तो वाजतच राहिला, म्हणून जिन्यात जाऊन घेतला.

"न्दुक," ते म्हणाले, "आपलं बंद होतंय."

न्दुक म्हणजे पोरी, जसं पाक म्हणजे वडीलधाऱ्या पुरुषाला आदराची हाक. वडील मला हीच हाक मारायचे. ते गेल्यानंतर या नावाने हाक मारणारे पाक ब्रोतो एकटेच उरले होते. आणि 'आपलं' म्हणजे 'गिगी तिगा', जावात योग्याकार्ताहून निघणारं मोटरसायकलींचं मासिक. नावाचा अर्थ तिसरा गिअर. पहिल्यात माणूस घाबरलेला असतो, चौथ्यात माजलेला, तिसऱ्यातच काय तो माणसासारखा गाडी चालवतो, असं पाक ब्रोतोंचं मत. ते संपादक. सुरुवातीला हाताखाली पाच-सहा जण होते. पुढे ते एकटेच राहिले; मजकूर तेच बघत, जाहिराती तेच आणत आणि गठ्ठेही तेच बांधत. आता एक शेवटचा अंक निघणार होता. वडिलांचा एखादा नकाशा घरात राहिलाय का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, एक आहे, पण अर्धा.

माझे वडील वार्तोयो जलसिंचन खात्यात आरेखक होते. कालवे आणि बांध यांचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले तेव्हा खात्याने लिलावात काढलेली एक जुनी मोटरसायकल त्यांनी घेतली आणि महिन्यातून एकदा डोंगरातल्या एखाद्या आडरस्त्याला जायला लागले. त्या रस्त्याचा नकाशा 'गिगी तिगा'त यायचा, समोरासमोरच्या दोन पानांवर. डाव्या पानावर जायचा रस्ता, उजव्या पानावर परतीचा. रस्ता एकच असला तरी पानं दोन. चढताना दिसतो तो रस्ता वेगळा आणि उतरताना दिसतो तो वेगळा, असं ते म्हणत. प्रत्येक वळणापाशी ते एक बारीक आकडा लिहीत: इथे गाडी कितव्या गिअरमध्ये हवी. चढावरचे आकडे सोयीसाठी असत, उतारावरचे जिवासाठी. नुसत्या ब्रेकच्या भरवशावर डोंगर उतरणाऱ्यांचं काय होतं ते त्यांनी नोकरीत फिरताना पाहिलं होतं. जिथून स्वतः गाडी नेली नाही तिथला आकडा त्यांनी कधी लिहिला नाही.

त्यांची पद्धत ठरलेली होती. वर गेले की रस्ता संपतो तिथल्या गावात मुक्काम करायचे आणि जायचं पान त्याच संध्याकाळी तिथे बसून काढायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं. परतीचं पान घरी, आपल्या टेबलावर.

शेवटचा नकाशा सालामानपासून वर जातीरेजो गावापर्यंतचा होता. लवंगा काढायच्या दिवसांत ते तिकडे गेले होते. मी वाचनालयातून घरी आले तेव्हा गाडी अंगणात उभी होती आणि ते टेबलापाशी बसले होते. अंगात वारा शिरलाय म्हणाले; अंग मोडलं, कसकसलं की आमच्याकडे असंच म्हणतात. मी आल्याचा काढा करून दिला. दोन दिवसांनी ते गेले. टेबलावर कागद तसाच राहिला: डावं पान पुरं झालेलं, उजव्यावर फक्त चौकट आणि वर मथळा, 'परत'.

तो कागद मी तिथून हलवला नव्हता. धूळ बसू नये म्हणून वर एक रुमाल टाकला होता, एवढंच. आता वाटलं, तो पुरा व्हावा आणि त्यांच्या नावाने शेवटच्या अंकात यावा. त्यांचं म्हणून छापून यायचं दुसरं काही उरलेलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी कागद घेऊन मी योग्याकार्ताला गेले. 'गिगी तिगा'चं ऑफिस एका टायरच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत होतं. भिंतीवरची शेल्फं रिकामी झाली होती आणि जुने अंक सुतळीने बांधून दाराशी रचले होते. रद्दीवाला येऊन गेला होता. त्याने गुळगुळीत कागद नको म्हणून सांगितलं, तो भिजल्यावर लगदा नीट होत नाही म्हणे. पाक ब्रोतो म्हणाले, इतकी वर्षं चांगला कागद वापरल्याची ही शिक्षा.

त्यांनी नकाशा खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला.

"यात काय आहे," ते म्हणाले. "डावं पान उलटं करायचं. ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर, हे तुझ्या बापानेच मला शिकवलंय."

"तो नियम आळशी माणसांसाठी आहे, हेही शिकवलं असेल."

"ते तर माझ्याकडे बघूनच म्हणाला होता."

मग त्यांनी फोनवर तो रस्ता काढून दाखवला. वळणं सगळी होती, घरांची छपरंसुद्धा दिसत होती. मी म्हटलं, यात आकडे कुठे आहेत? बाबा या रस्त्याने उतरले तेव्हा त्यांच्या डोक्यात आकडे होते, ते कागदावर यायचे राहिले. मी एकदा उतरून आले तर तेच आकडे मला मिळतील. माझं काम नुसतं हाताचं.

"तुझ्या स्कूटरला गिअर नाहीत."

"बाबांची गाडी आहे."

"म्हणजे तू आजोबांवर बसणार?" त्या गाडीला सगळे आजोबाच म्हणत. "किक मारताना गुडघा मोडशील."

"कॉलेजात असताना मारलीय मी."

"तेव्हा आजोबाही तरुण होते, न्दुक."

असं म्हणत त्यांनीच मला क्लचची जादा तार दिली, ती कशी बदलायची ते समजावलं, आणि छपाई पुढच्या आठवड्यात आहे म्हणून सांगितलं. मासिक का बंद होतंय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. निघताना ते दारापर्यंत आले. गठ्ठ्यांमधून वाट काढताना त्यांचा धक्का लागून एक गठ्ठा सुटला. ते खाली बसून अंक पुन्हा क्रमाने लावायला लागले. रद्दीवाल्यालाही नको असलेले अंक, क्रमाने.

शनिवारी सकाळी निघाले. नकाशा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टाकीवर रबराने बांधला, बाबा बांधायचे तसा. आजोबांनी बऱ्याच किका खाल्ल्या. शेजारच्या बू मुर्तीनी, म्हणजे मुर्तीनीबाई, कुंपणावरून बघत होत्या. गाडी सुरू झाल्यावर त्या म्हणाल्या, मला वाटलं तुझे वडीलच. मग घाईने आत गेल्या.

सालामानच्या बाजारापुढे भातखाचरं संपली आणि चढ लागला. पहिला आकडा तीन, मग दोन. आकड्यांखेरीज वडील आणखीही काही लिहून ठेवायचे. 'मशिदीचा हौद, पाणी थंड.' 'कुत्रा भुंकतो, चावत नाही.' 'लवंगा वाळत घातल्यात, चटयांवर चाक नको.' लवंगांचा मोसम संपला होता, चटया कुठेच नव्हत्या, पण वळणावळणावर वास रेंगाळत होता. कुत्रा होता. तो भुंकला, चावला नाही. इतक्या महिन्यांनी मला कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि ते खरं निघत होतं. वाटत राहिलं की ते एक वळण पुढे आहेत.

एका खड्या वळणाला त्यांनी एक हा आकडा लिहिला होता. मला वाटलं दोनमध्ये जाईल. गाडी मधोमध बंद पडली आणि मागे सरकायला लागली. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई कडेला थांबली. मी दोन्ही पाय रोवून, ब्रेक धरून, पुन्हा पुन्हा किका मारल्या. ती भारा न उतरवता शेवटपर्यंत थांबली आणि गाडी सुरू झाल्यावरच हसली. त्यानंतर मी आकड्यांशी वाद घातला नाही.

डाव्या पानावरची शेवटची नोंद होती: 'वाकिनेमचं वारुंग. चहा चांगला. राहता येतं.'

वारुंग म्हणजे पत्र्याखाली दोन बाकं, एक चूल आणि मागे दोन खोल्या. साठीच्या पुढची एक बाई तेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, चकत्या तळत होती. गाडीचा आवाज ओळखूनच ती झारा हातात घेऊन बाहेर आली. आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग माझ्या मागच्या रस्त्याकडे. कुणी पायी चालत मागून येत असावं तसं.

"पाक कुठेत?" तिने विचारलं. "तुम्ही त्यांची मुलगी ना, म्बाक?" म्बाक म्हणजे ताई. "नाक तेच आहे. वारा गेला का त्यांच्या अंगातला?"

या महिन्यांत माझ्या मनातही आलं नव्हतं की जगात एक माणूस असा आहे ज्याच्या लेखी बाबा अजून आहेत, फक्त जरा आजारी आहेत. बरे आहेत म्हणावं, असं क्षणभर अगदी ओठांवर आलं. तसं म्हटलं असतं तर ते इथे वर राहिले असते, या बाईपुरते.

"गेले, बू," मी म्हटलं. "इथून आले त्याच आठवड्यात."

तिने चूल विझवली. बाकावर बसली. झाऱ्यातून तिच्या मांडीवर तेल ठिबकत होतं, ते तिच्या लक्षात नव्हतं.

"कशाने?"

"हृदयाने."

त्यानंतर ती जे बोलली ते हळूहळू, मध्ये मध्ये थांबून. बाबा दुपारी पोचले, चहा प्यायले, या समोरच्या टेबलावर कागद पसरून बसले. रेघा काढता काढता म्हणाले, छाती जड वाटतेय, खांदा दुखतोय. वर थंडी होती तरी कपाळावर घाम होता. कुणाच्याही मनात येईल तेच तिच्या मनात आलं: वारा शिरलाय, तो काढायला हवा. तिने त्यांना पालथं झोपवलं, पाठीला तेल लावलं आणि नाण्याने रेघा ओढल्या, मणक्यापासून दोन्ही बाजूंना, बरगड्यांवरून. रेघा काळपट लाल उठल्या. जितक्या गडद उठतात तितका वारा निघाला असं धरायचं असतं, म्हणून तिला बरं वाटलं. बाबांनाही बरं वाटलं. ते तिला म्हणाले की डावं पान पुरं झालं, उद्या उजवं. सकाळी मात्र त्यांना गाडीला किक मारवेना. तेव्हा तिचा भाचा गितो, जो बकऱ्या आणि लवंगा खाली नेतो, त्याने गाडी पिकअपमध्ये आडवी बांधली, बाबांना पुढे बसवलं आणि घरी सोडून आला.

"पिकअपमध्ये?" मी विचारलं. "ते गाडी चालवत उतरले नाहीत?"

"कसे चालवतील, म्बाक? टोपीसुद्धा मीच डोक्यावर ठेवली."

मी टाकीवरचा कागद सोडून आणला होता, तो समोर होता. मी समजत होते की उजवं पान काढायचं राहिलं. ते राहिलेलं नव्हतं. त्यावर लिहायला त्यांच्याकडे काही नव्हतंच. त्या संध्याकाळी ते टेबलापाशी बसले, चौकट आखली, 'परत' लिहिलं, आणि त्यांच्या नियमापुढे ते अडले. मी त्यांना म्हटलं होतं, बाबा, उद्या काढा, आता पडा. ते लगेच उठले होते. इतक्या सहज ते कधी उठत नसत.

बू वाकिनेम स्वतःचा उजवा हात बघत होती.

"मी त्यांना दवाखान्यात पाठवायला हवं होतं," ती म्हणाली. "गितोला सांगायचं, घरी नको, दवाखान्यात ने. रस्त्यातच आहे सालामानला. दारावरून गेले ते."

मी म्हटलं, "घरी त्यांनी शर्ट काढला, तेव्हा तुमच्या रेघा दिसल्या पाठीवर. मला बरं वाटलं, बू. म्हटलं, कुणीतरी वारा काढलाय. त्याच रेघांवरून मी बाम चोळला."

तिने वर पाहिलं. "चोळलात?"

"दोनदा."

पत्र्यावर कुठलंसं फळ पडलं आणि घरंगळत खाली आलं. ती उठली, चूल पेटवली. अर्धवट तळलेल्या चकत्या पुन्हा तेलात सोडल्या. मला बशी देताना तिने इतकंच विचारलं की त्यांना पुरलंय कुठे, शेजारी कोण आहे. मी म्हटलं, आई आहे. मग बरं, ती म्हणाली.

रात्री मी त्याच खोलीत झोपले जिथे ते झोपले होते. झोप लागली.

सकाळी उतरायला लागले तेव्हा कळलं की ते दोन पानं का काढत. चढताना समोर कायम डोंगर होता, डोळ्यांपुढे माती, मुळं, घरांचे दगडी जोते. उतरताना समोर काहीच नव्हतं. प्रत्येक वळणावर रस्ता संपल्यासारखा वाटे आणि त्यापलीकडे धुकं, त्यावर सुम्बिंग पर्वताचं टोक. हा देखावा त्यांनी पिकअपच्या काचेतून पाहिला असेल, किंवा डोळे मिटून बसले असतील. मी प्रत्येक वळणानंतर गाडी थांबवून पेन्सिलीने आकडा लिहीत होते. दोन. एक. दोन. बांबूच्या बेटाजवळ रस्ता एकदम खाली वाकतो, तिथे पहिल्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरत राहिलं आणि मी हँडल इतकं घट्ट धरलं की बोटं उघडताना दुखली. तिथे लिहिलं: 'एक. डोंगराच्या बाजूला खड्डे, दरीच्या कडेने घ्या.'

सालामानच्या बाजारात पोचल्यावर आकडे पाहिले. बाबांचे आकडे मला पाठ आहेत, इतक्या वर्षांचे. या रस्त्याला त्यांनी इतक्या ठिकाणी एक लिहिला नसता. त्यांनी निम्म्या जागी दोन लिहिला असता आणि तोही बरोबर असता. हे माझे आकडे होते. त्यात माझी भीती धरलेली होती. त्या पानावर त्यांची सही करता येणार नव्हती.

घरी येऊन टेबलावरचा रुमाल काढला आणि त्यांनी आखलेल्या चौकटीत रस्ता काढला. दोन संध्याकाळी लागल्या. माझा हात त्यांच्याइतका सरळ नाही. पाक ब्रोतोंनी छपाईच्या आदल्या दिवशी फोन केला तेव्हा ते खुशीत होते. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बाबा आपल्या नावाचं आद्याक्षर काढून खाली एक रेघ मारायचे, ते दोन्ही पानांवर टाक म्हणाले. शेवटचा नकाशा, पाक वार्तोयोंचा. मुखपृष्ठावर तसंच घेतो.

"ते त्या रस्त्याने उतरले नाहीत, पाक," मी म्हटलं. "पिकअपमध्ये बसून आले."

पलीकडे टायरच्या दुकानातला हवा भरायचा पंप चालू होता.

"मला बोलला नाही."

"मलाही नाही."

"हे बघ न्दुक, हा शेवटचा अंक आहे. कोण पडताळून बघणार आहे?"

"बाबांनी बघितलं असतं."

"मग डावंच पान छापू. उजवं कोरं."

"आणि वर गेलेली माणसं उतरतील कशी?"

हा प्रश्न ते स्वतःच दर महिन्याला नव्या लेखकांना विचारत आले होते. मी म्हटलं, डाव्या पानावर बाबांची सही आहेच. उजव्यावर माझं नाव घाला, पूर्ण, बारीक अक्षरात. मुखपृष्ठावर काही नको.

"वाचक विचारतील, ही निकेन कोण."

"विचारू देत."

"कुणाला विचारतील म्हणा," ते म्हणाले. "टेलिफोन काढून नेणारा माणूस आत्ताच येऊन गेला. मी माझ्या फोनवरून बोलतोय."

अंक बसने मुन्तिलानला, आमच्या गावी, आला. मी स्टँडवरच्या दुकानातून घेतला, तिथेच उभं राहून उघडला. डाव्या पानावर ते वर चढत होते, उजव्या पानावरून मी उतरत होते. मधल्या घडीत दोन पिना. दुकानदाराकडे सहा प्रती आल्या होत्या. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा तीन होत्या. त्या तीन कुणी नेल्या ते विचारलं, तर म्हणाला, माणसांनी.

पाक ब्रोतो मुलाकडे सेमारांगला राहायला गेले. मी घरात टेबल मोकळं केलं आणि त्यावर इस्त्री करायला लागले.

जानेवारीत खूप पाऊस झाला. एका दुपारी गितोचा निरोप आला, त्याचा नंबर मी बू वाकिनेमकडून घेतला होता. बांबूच्या बेटाजवळ दरीची कड खचली. अर्धा रस्ता गेलाय. डोंगराच्या बाजूने एक गाडी कशीबशी जाते.

दरीच्या कडेने घ्या, असं मी छापलं होतं.

पूर्वी असं झालं की पुढच्या अंकात चौकटीत दुरुस्ती यायची. बाबा त्यासाठी पाक ब्रोतोंच्या मागे लागायचे. रस्ता बदलला तरी चूक नकाशाची, असं म्हणायचे. आता पुढचा अंक नव्हता. मी सेमारांगला फोन केला. पाक ब्रोतो नातवाला भरवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, सोड गं, कोण जाणार आहे तिथे अशा पावसात. वर म्हणाले, आणि गेलंच कुणी, तर डोळे असतील की त्याला. मग नातू रडायला लागला.

रविवारी मी आजोबांना बाहेर काढलं. ठरवलं होतं, वर वारुंगात दिवसभर बसायचं. नकाशा घेऊन कुणी आलं तर उतरण्याआधी सांगायचं. पुढच्या रविवारीही. पाऊस संपेपर्यंत.

बांबूच्या बेटापाशी पोचले. रस्त्याची दरीकडची बाजू खरंच खाली गेली होती, काँक्रीटचा एक तुकडा लोंबत होता. आणि जिथून कड सुटली होती बरोबर तिथे, तडकलेल्या काँक्रीटच्या फटीत, कुणीतरी केळीचं एक रोप उभं करून लावलं होतं. त्याला लाल पिशवी बांधलेली. आमच्याकडे रस्त्यात खड्डा पडला, कड तुटली की लोक हेच करतात. लांबून दिसतं. नकाशा असो नसो, वाचता येवो न येवो, चढणारा आणि उतरणारा दोघंही त्याच्यापासून लांबून जातात.

मी गाडी थांबवून त्याच्याकडे बघत राहिले. मी सांगायला आले होते ते इथे आधीच सांगून झालं होतं. इथून वळून घरी जाता आलं असतं. डोंगराच्या बाजूने गाडी सावकाश काढली आणि वर गेले.

बू वाकिनेम कसावाचे कंद सोलत बसली होती. या वेळी तिने माझ्या मागे पाहिलं नाही. चहा दिला.

"आता कुठल्या रस्त्याचा नकाशा?"

"आता नाही, बू. मासिक बंद झालं."

"हो का," ती म्हणाली. तिने ते मासिक कधी पाहिलं नव्हतं. "मग एवढ्या पावसात कशाला आलात?"

मी तिला कड खचल्याचं सांगितलं, नकाशात काय छापलंय ते सांगितलं.

"पण तिथे केळ लावलीय गितोने. गुरुवारपासून."

"हो. येताना दिसली."

"मग वर कशाला आलात?"

मी चहा प्यायले. रस्ता ओला आणि रिकामा होता. तिने कसावाची टोपली पायाने माझ्याकडे सरकवली आणि माझ्यासाठी दुसरी सुरी शोधायला आत गेली.